शेऱ्याचा रकाना

वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत उजवीकडचा शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, बिल क्रमांक अशी सगळी घरं भरली तरी तो रिकामाच राहतो. पुस्तक धडधाकट असेपर्यंत त्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही. शिवण सुटून पानं निघाली की 'जीर्ण', कुणी नेऊन परत आणलंच नाही की 'गहाळ', आणि कार्यकारी मंडळानं ठराव केला की 'बाद'. एखादं पुस्तक वर्षानुवर्षं गावात फिरलं, आईनं वाचलं, मग लेकीनं वाचलं, तरी त्याच्या नावापुढे उमटणारा पहिला शब्द 'जीर्ण' हाच. सेलू तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हाच हे मला खटकलं होतं. अजूनही खटकतं.

दप्तर हे आमच्या कामाचं अंगच आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अ, ब, क किंवा ड असा वर्ग असतो. त्या वर्गावर अनुदान ठरतं आणि वर्ग टिकवायचा तर दाखल, देवघेव, वर्गणी, सभासद, नियतकालिकं अशा सगळ्या नोंदवह्या रोजच्या रोज भरलेल्या लागतात. मला हे काम मनापासून आवडतं. चोख दप्तर नसेल तर पुस्तकं राहत नाहीत, हे मी शेजारपाजारच्या गावांत पाहिलंय. पण या वह्यांतून पुस्तक कुणाकडे गेलं आणि कधी आलं एवढंच कळतं. मधल्या पंधरा दिवसांत त्या घरात काय झालं ते कळायला जागा नाही. म्हणून मी घरून एक दोनशे पानी वही आणून टेबलाच्या खणात ठेवली. स्वतः वाचलेलं, पाहिलेलं आणि आवडलेलं तिच्यात लिहायला लागले. आता त्या वह्यांची चळत झाली आहे. वाचनालयात येणारे तिला 'ताईंची वही' म्हणतात.

खरं म्हणजे सवय त्याच्या आधीची. 1995 साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नारायण सुर्वे अध्यक्ष होते. आम्ही कॉलेजातल्या मैत्रिणी आगगाडीनं गेलो होतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो, पण त्या दिवसांत परभणी खरोखरच मोठी वाटली. मांडवाबाहेर पुस्तकांची दुकानं, रस्ताभर माणसं, आणि ज्यांची नावं पाठ्यपुस्तकात वाचली ते लोक समोरून चालत जाताना दिसणारे. पदरच्या पैशांतून मी सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' घेतलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: कुठे घेतलं, सोबत कोण होतं, कोणत्या टपरीवर उभं राहून पहिली कविता वाचली आणि तिथला चहा आलं घातलेला होता. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला माणूस साऱ्या मराठी साहित्याच्या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आमच्या जिल्ह्यात आला होता. त्याचं भाषण शब्दशः आठवत नाही. पण त्या चार ओळी वाचल्या की मांडवातली धूळ, लाउडस्पीकरचा घरघराट आणि बोटांना बसलेला कपाचा चटका सगळं परत येतं.

नोंद कशी असावी ते मला त्या पानावरून कळलं. पुस्तकाबद्दलचं मत पुढे बदलतं, पुष्कळदा विसरूनही जातं. कुठे बसून वाचलं, बाहेर ऊन होतं की पाऊस, हातात काय होतं, या गोष्टी मात्र पुस्तकाला चिकटून राहतात आणि त्यांच्या आधारानं पुस्तक आठवतं. चहा माझ्या वहीत आला तो असा. पुढे त्याला स्वतःची जागा मिळाली, कारण चहाही चांगला-वाईट असतो आणि चांगला चहा करणाऱ्याची नोंद कुणीच ठेवत नाही.

आमच्या भागातला चहा मला नीट लिहून ठेवावासा वाटतो. गोदाकाठाला, पाथरी-गंगाखेडकडे ऊस आहे, तिकडच्या घरांत गुळाचा चहा अजून मिळतो. तो जमायला हात लागतो. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की दूध फाटतं. म्हणून आधी पाण्यात गूळ आणि पत्ती उकळून घ्यायची, भांडं खाली उतरवायचं आणि मग वेगळं तापवलेलं दूध ओतायचं. जिंतूरकडच्या एका वाड्यावर मी शेळीच्या दुधाचा असा चहा प्यायले. त्या घरातल्या आजींनी दूध किती वेळ तापवायचं ते मला चुलीजवळ बसवून दाखवलं. ती कृती माझ्या वहीत आहे, आजींचं वर्णन आहे, आणि त्या दिवशी पिशवीत कोणतं पुस्तक होतं तेही आहे. स्टँडवरचा चहा वेगळा. आसामात 1930 च्या सुमारास पानं चिरडून, फाडून, गोळी करणारं यंत्र निघालं, त्याच्या दाणेदार पत्तीचा हा चहा. थोड्या पत्तीत गडद रंग, पटकन कडकपणा आणि दूध-साखर पचवायची ताकद. चार कट सांगून सहा माणसांत वाटला तरी तो फिका लागत नाही. कोऱ्या चहाच्या नोंदी त्यामानानं कमी आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा एकाच उन्हाळ्यातल्या आहेत.

तो 2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच वर्ष. आमच्याकडेही टँकरच्या खेपा होत्या. शेतात काम नव्हतं, म्हणून संध्याकाळी वाचनालयात माणसं जास्त बसायची. नुसती वर्तमानपत्रं चाळून न उठता पुस्तकं मागायची. त्या दिवसांत मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' दुसऱ्यांदा वाचली. पुस्तक बदलून द्यायला एका सभासदाच्या घरी गेले तर त्यांच्या सूनबाईंनी अर्धा कप कोरा चहा दिला, तोही तिघांत मिळून केलेला. दूध डेअरीला घालावं लागत होतं. त्या नोंदीत कादंबरीबद्दल दोन ओळी आहेत आणि चहाबद्दल पाच. त्या पाच ओळी मी कादंबरीचाच भाग समजते.

इथे मला जे फार वाटतं ते सांगून टाकते. आमच्याकडच्या घराघरांत वह्या आहेत. दुकानदाराची उधारीची आहे, सोसायटीच्या कर्जाचं पासबुक आहे, सातबारावर बोजा चढलेला आहे, पंचनाम्याचे कागद आहेत, खताच्या पावत्या आहेत. गेलेल्या, बुडालेल्या आणि देणं असलेल्या गोष्टींची इतकी चोख नोंद असलेला मुलूख दुसरा नसेल. माणसाला सुख झालं त्याचा कागद मात्र कुठेच नाही. जणू ते झालंच नाही. बाहेरून येणारा माणूस आमचे कागद वाचतो आणि आमच्याबद्दल मत करून जातो. मला वाटतं, इथल्या माणसानं एका संध्याकाळी काय वाचून हसू आलं, कोणत्या नाटकात डोळे भरले, कुणाच्या हातचा चहा जिभेवर राहिला हे तारखेनिशी लिहावं. त्याला सातबाराइतकीच किंमत आहे.

आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण तिच्याकडे ही नोंद होती. बहात्तरच्या दुष्काळातल्या सप्त्याला कोणते कीर्तनकार आले, काल्याच्या कीर्तनात त्यांनी जनाबाईचा कोणता अभंग घेतला, त्या दिवशी पंगतीला काय होतं, हे ती न चुकता सांगायची. गंगाखेड जनाबाईचं गाव, त्यामुळे तिचा अभंग निघाला की आजीला तो घरचाच वाटे. दुष्काळाबद्दल विचारलं तर ती आधी खडी फोडायच्या कामाचं सांगायची आणि लगेच सप्त्याकडे वळायची. दोन्ही तिच्या हिशेबात होतं.

पुस्तकांसोबत वहीत सगळ्यात जास्त काही असेल तर ते नाटकं आणि जागरणं. परभणीला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असली की मी शक्य तेव्हा जाते. तिकीट स्वस्त, खुर्च्या बऱ्याचदा मोकळ्या आणि रंगमंचावर दिवसा शाळेत, बँकेत, कृषी विद्यापीठात नोकरी करणारी माणसं. त्यांनी कामावरून सुटून रात्री तालमी केलेल्या असतात. व्यावसायिक नाटकाची परीक्षणं वर्तमानपत्रात येतात. हौशी प्रयोग एकदाच होतो आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी छापून येते. एखाद्या मुलीनं एका प्रवेशात जे केलं ते पाहणाऱ्यांपैकी कुणी लिहिलं नाही तर त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून नाटकाची नोंद मी त्याच रात्री करते, स्टेशनवर गाडीची वाट बघत. तिथल्या चहाच्या नोंदी त्यामुळेच इतक्या आहेत.

गोंधळाबद्दल तर मला जास्तच लिहावंसं वाटतं, कारण परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम हे आमच्या मातीचं मोठं नाव. त्यांच्या गोंधळातलं जांभूळ आख्यान पुढे शाहीर विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलं. द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दल आलेली एक लहर आणि तिची कबुली, असा तो विषय. मी ते आधी उमपांच्या आवाजात ध्वनिमुद्रणावर ऐकलं. नंतर एका लग्नघरी गोंधळ्यांचं जागरण ऐकताना संबळाचा ठेका आणि निवेदनातली ती थांबण्याची जागा ओळखीची वाटली. त्या रात्रीची नोंद दोन पानं आहे. पहाटे तीनला मांडवात आचाऱ्यानं पातेलंभर चहा केला होता, त्यात वेलदोडा जरा जास्त पडला होता आणि तरी सगळ्यांनी दोनदा घेतला.

माझ्या वहीचे काही नेम आहेत. गुण किंवा तारे देत नाही. पाचपैकी चार लिहिलेलं वर्षानं वाचलं तर त्यातून काही हाती लागत नाही. 'छान' हा शब्द चालत नाही, 'अप्रतिम' तर नाहीच. काय आवडलं ते लिहायचं: एखादा प्रसंग, एखाद्या माणसाचं बोलणं, एखादं वर्णन. जे आवडलं नाही ते वहीत घेत नाही. वेळ थोडा आहे आणि आवडलेलंच लिहून होत नाही. चार्ल्स डार्विन 1838 ते 1860 या काळात दोन याद्या ठेवत असे, वाचलेल्या पुस्तकांची आणि वाचायच्या पुस्तकांची. मी दुसरी ठेवत नाही. वाचायची पुस्तकं मांडणीवर समोरच असतात. गांधीजींनी 1922 ते 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात वाचून झालेली पुस्तकं रोजनिशीत टिपली, ती मात्र मला फार जवळची वाटते. तुरुंगातल्या माणसाला पुस्तक संपलं ही दिवसाची मोठी घडामोड असते. आमच्या गावातल्या पुष्कळ बायकांनाही ती तशीच असते.

लंडनचा सॅम्युअल पीप्स हा आरमार खात्यातला कारकून. त्याची 1660 ते 1669 मधली रोजनिशी प्रसिद्ध आहे. तिच्यात पुस्तकं, नाटकं आणि चहा तिन्ही आहे हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला! 25 सप्टेंबर 1660 ला त्यानं आयुष्यातला पहिला चहा मागवला आणि तसं लिहून ठेवलं. दोन वर्षांनी शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' पाहून आला आणि हे इतकं नीरस नाटक मी परत पाहणार नाही अशा अर्थाचं लिहिलं. साडेतीनशेहून जास्त वर्षांनंतर आपल्याला ते नाटक थोर वाटतं, आणि तरीही त्याची ती नोंद वाचावीशी वाटते, कारण त्या संध्याकाळी तो खरोखर तिथे बसला होता. त्याची सुमारे 3000 पुस्तकं केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्यानं लावलेल्या क्रमानंच आजही ठेवलेली आहेत. एका ग्रंथपालाला याहून सुखाची बातमी कोणती?

या वहीचा माझ्या नोकरीला जो उपयोग झाला तो मात्र मी योजलेला नव्हता. वाचनालयाच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "असंच दुसरं द्या." पुस्तक परत करताना माणूस हे म्हणतो आणि त्यातलं 'असंच' म्हणजे काय ते त्यालाही सांगता येत नाही. एक कापूसवाले शेतकरी काका विश्वास पाटलांची 'पानिपत' परत करायला आले. मी सवयीनं ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मांडणीकडे वळले, मग थांबून विचारलं, "काका, काय आवडलं यातलं?" ते जरा लाजले आणि म्हणाले, "ताई, लढाईचं मला काही नाही. त्यातली घोडी, हत्ती, मुकी जनावरं... त्यांचे हाल लई जीवाला लागले." मी वही काढली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ची नोंद त्यात होती, वानरांच्या टोळ्यांची झुंज आणि प्रमुखपदाची उलथापालथ हे सारं लढाईसारखंच असल्याचं मी लिहिलं होतं. काकांनी ते नेलं. पुढच्या खेपेला मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' नेलं. मग माडगूळकरांची सगळी. ऐतिहासिक कादंबरीकडे ते पुन्हा फिरकले नाहीत. ग्रंथसूचीत 'पानिपत' आणि 'सत्तांतर' कधीच शेजारी येणार नाहीत. विषय वेगळे, क्रमांक वेगळे. माझ्या वहीत ती चार पानांच्या अंतरावर होती.

अशा जोड्या पुष्कळ लागल्या. नव्यानं लग्न होऊन आलेली एक मुलगी म्हणाली, "रडायला लावणारं नको बाई, रडायला घरात बरंच आहे." तिला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. माझ्या नोंदीत मी हसले त्या जागा लिहिलेल्या होत्या, त्या तिला आधीच दाखवल्या, नाहीतर जुनं पुस्तक म्हणून तिनं ठेवून दिलं असतं. आठवड्यानं आली ती सासूसाठीही काही मागायला. आसाराम लोमटे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या 'आलोक'ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा तो संग्रह मागायला लोक आले. पण पुरस्कारापेक्षा माझ्या नोंदीतलं एक वाक्य जास्त कामाला आलं: यातली माणसं आपल्या बसमध्ये आपल्या शेजारी बसतात तशीच बोलतात. ते वाचून दाखवलं की पुस्तक हातातून खाली ठेवणारा क्वचितच.

आता वाचनालयात गर्दी असते ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांची. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरतात, चालू घडामोडींच्या वह्या भरतात. त्यांच्याबद्दल मला कळकळ वाटते. दिवसाचे दहा तास वाचणारी ही मुलं मनासारखं एकही पान वाचत नाहीत. मी त्यांना कादंबरी घ्या म्हणत नाही, त्यांना ते ओझं होतं. दुपारी चारला आम्ही सगळे समोरच्या टपरीवर जातो तेव्हा एखाद्याला विचारते, आजचा चहा कसा झालाय, एका वाक्यात सांग, 'छान' म्हणायचं नाही. आधी हसतात. मग एक म्हणाला, आज पत्ती नवी आहे पण पाणी बोअरचं आहे. दुसरा म्हणाला, कालच्यापेक्षा उकळी एक कमी आहे. सांगता यायला लागलं. त्यांतल्या एका मुलानं स्वतःची वही केली आहे. त्याच्याकडे अजून फक्त चहा आणि मोबाइलवर पाहिलेल्या मालिका आहेत. पुस्तकाचं पान त्यानं कोरं ठेवलंय, परीक्षेनंतरसाठी.

माझी वही मी कुणापासून लपवत नाही. टेबलावर असली तर लोक उचलून वाचतात. मध्यंतरी आमच्या एका निवृत्त शिक्षक सभासदांनी ती घरी नेण्याची परवानगी मागितली आणि सोमवारच्या बाजाराला आले तेव्हा परत केली. अनिल बर्वे यांच्या 'हमिदाबाईची कोठी'च्या एका हौशी प्रयोगावर मी सव्वा पान लिहिलं होतं. काम करणाऱ्या मुलीनं एका प्रवेशात आवाज इतका खाली आणला होता की मला अंगावर काटा आला, असं त्यात होतं. सरांनी त्याखाली लाल शाईनं, शाळेत वह्या तपासायचे तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मी याच प्रयोगाला होतो. शेवटून दुसऱ्या रांगेत. तो प्रवेश आम्हाला ऐकूच आला नाही, आमच्या बाजूचे लोक तेव्हा चहाला उठले. खाली सही आणि तारीख.

मी ते दोन-तीनदा वाचलं. मग सरांना विचारलं, मुलगी दिसत तरी होती का? म्हणाले, दिसत होती, हात छान वापरले तिनं. मी म्हटलं, सर, छान म्हणजे कसे, तेही लिहा. त्यांनी खुर्ची ओढली, टेबलावरचाच पेन घेतला आणि आणखी चार ओळी लिहिल्या. तेव्हापासून नाटकाच्या नोंदीत मी बसले होते ती रांगही लिहिते, आणि वही घेताना रुंद समासाची बघून घेते.